अडलेला स्क्रू



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना हसू येईल. रेडिओवर बोलायचे ते पीकपाण्यावर, संतवाङ्मयावर, फार तर आरोग्यावर. आणि आज एक प्राध्यापक महाशय चक्क स्क्रूवर बोलणार! पण वाशीम जिल्ह्यातला शेतकरी हसणार नाही, असा माझा अंदाज आहे. सोयाबीन गुडघ्याला लागले आहे, पानांवर उंटअळी दिसू लागली आहे, चार दिवसांच्या झडीनंतर एकदाची उघडीप मिळाली आहे, आणि नेमका त्याच सकाळी पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप चालू होत नाही. कार्बोरेटर खोलून साफ करायचा, अर्ध्या तासाचे काम. पण त्याचा एक स्क्रू काही केल्या फिरत नाही. मग घरातला एखादा धट्टाकट्टा गडी पुढे होतो. "सरका बाजूले, कसा नाही निघत, पाह्यतो मी!" तो जोर लावतो, पेचकस सटकतो, स्क्रूच्या डोक्यावरची खाच गुळगुळीत होते. स्क्रू होता तिथेच राहतो आणि दुपारून आभाळ पुन्हा भरून येते.

दोन-पाच रुपयांच्या स्क्रूपायी फवारणीचा दिवस गेला. पुढे छिन्नी-हातोडी चालली तर इंजिनाचे ॲल्युमिनियमचे घरही तडकते आणि खर्च हजारांवर जातो. म्हणून आज एवढेच सांगायचे आहे की, अडलेला स्क्रू बळाने बिघडतो आणि क्रमाने निघतो. इथे 'बळी तो कान पिळी' हा न्याय चालत नाही. तो क्रम कोणता, आणि तसाच का, ते आपण पाहू.

आधी स्क्रू अडतो का, ते समजून घेऊ. स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला एक चढ. सहा मिलिमीटर जाडीचा नेहमीचा मेट्रिक बोल्ट घ्या. एक पूर्ण फेरा दिला की तो फक्त एक मिलिमीटर पुढे सरकतो. चढ इतका मंद, म्हणून तो आपोआप घसरत नाही. घर्षण त्याला धरून ठेवते. आपण आवळताना जो जोर लावतो त्याचा सुमारे निम्मा भाग डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे चाळीस टक्के आट्यांमधल्या घर्षणात जातो, आणि उरलेला दहावा हिस्सा काय तो दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. हा हिशेब लक्षात ठेवा. शेवटी तोच आपल्या उपयोगी पडणार आहे.

आता या घर्षणात गंजाची भर पडते. फवारणी पंपाचे इंजिन साधारण 26 सीसीचे, घर ॲल्युमिनियमचे आणि स्क्रू पोलादाचे. दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये पाणी, खत किंवा औषधाचा क्षार शिरला की ॲल्युमिनियम झिजू लागते. त्याची जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते. साहजिकच ती आट्यांमध्ये पाचरीसारखी बसते. पावसाळ्यानंतर पंप न धुता कोपऱ्यात टाकला आणि पुढच्या वर्षी जुलैत काढला, तर स्क्रू का हलत नाही याचे उत्तर या भुकटीत आहे. काही स्क्रूंना कारखान्यातच पकड धरणारा डिंक लावलेला असतो, तेही एक कारण असते.

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट मात्र चुकवू नका. 2017 साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. विष जसे फवाऱ्यातून अंगात जाते तसे पंपावर वाळलेल्या थरातूनही हाताला लागते. तेव्हा दुरुस्तीच्या आधी टाकी रिकामी करून पंप बाहेरून साबणाच्या पाण्याने धुवा, हातमोजे घाला, आणि स्क्रू किंवा नळी तोंडात धरण्याची सवय असेल तर ती आजपासून सोडा. पेट्रोल काढून घ्या, स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा. बिडी-काडी लांब. डोळ्यांवर साधा चष्मा असला तरी चालेल, पण काहीतरी असू द्या.

आता पहिली पायरी म्हणजे साफसफाई आणि तेल. स्क्रूच्या खाचेत माती, तेलकट मळ, जुना रंग साठलेला असतो. पेचकस तळापर्यंत जात नाही तो यामुळे. दाभण किंवा जाड सुई घेऊन खाच तळापर्यंत कोरून काढा. मग डोक्याच्या कडेने गंज सोडवणारे तेल सोडा. ते नसेल तर डिझेलमध्ये थोडे पातळ वंगणतेल मिसळून सोडा. पेचकस टेकवून त्याच्या मुठीवर हातोडीचे हलके टोले द्या. या थरथरीने गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल आत उतरते. मग थांबा. जमल्यास रात्रभर थांबा. थांबणे हाही कामाचाच भाग आहे, हे आपल्याकडे पटकन कोणी मान्य करत नाही.

दुसरी पायरी, योग्य पेचकस. माझ्या मते निम्मे स्क्रू इथेच वाया जातात. फुलीच्या खाचेचा जो स्क्रू बाजारात 'स्टार' म्हणून ओळखला जातो, तो अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. 1936 साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले आणि त्याच सुमारास जनरल मोटर्सने कॅडिलॅक गाड्यांच्या बांधणीत तो वापरायला घेतला. या खाचेच्या भिंती किंचित तिरप्या असतात. त्यामुळे जोर वाढला की पेचकस आपोआप वर उचलला जातो आणि उचलला जाताना भिंती खरवडतो. म्हणून फिरवण्यापेक्षा दाबण्याकडे जास्त लक्ष द्या. शरीराचे वजन पेचकसावर टाका, आणि मग हळूच फिरवा.

या पेचकसांना क्रमांक असतात. तीन ते पाच मिलिमीटरच्या बहुतेक स्क्रूंना दोन नंबर लागतो, त्याहून बारीकांना एक नंबर, आणि सहा मिलिमीटरच्या स्क्रूला तीन नंबर. आपल्या घरी बहुधा एकच पेचकस असतो, तोही टोक झिजलेला. त्यानेच घड्याळापासून इंजिनापर्यंत सारे खोलायचे! आणखी एक बारकावा आहे. जपानी पद्धतीच्या यंत्रांवर फुलीचा जो स्क्रू येतो तो दिसायला फिलिप्ससारखा असला तरी त्याची खाच थोडी वेगळी असते. त्यात फिलिप्सचा पेचकस पूर्ण टेकत नाही. अशा स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो. तो दिसला की जपानी मापाचा पेचकस मागून घ्या.

पेचकस बसला की लगेच उलटा जोर लावू नका. आधी किंचित आवळा. उलटेच वाटेल, पण त्या केसभर हालचालीने गंजाची पकड तुटते. मग सोडवा, अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, पुन्हा तेल. असे डोलवत डोलवत काढा.

तिसरी पायरी, खाच थोडी झिजली असेल तेव्हाची. तेल-इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायला जी खरखरीत पेस्ट मिळते ती पेचकसाच्या टोकाला थोडी लावा. तिच्यातले कण खाचेत रुततात आणि पकड वाढते. पेस्ट नसेल तर सायकलच्या ट्यूबचा पातळ तुकडा मध्ये धरून पाहा. काम झाल्यावर पेस्ट पुसून काढायला मात्र विसरू नका. तिचा एक कणही इंजिनात जाता कामा नये. षटकोनी खाचेचा, म्हणजे ॲलन कीचा स्क्रू गोल झाला असेल तर किंचित मोठा, सहा पाकळ्यांचा टॉर्क्स बिट हलक्या हातोडीने आत बसवा. तो स्वतःच्या कडा स्वतः करून घेतो.

चौथी पायरी उष्णतेची. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. गणिताच्या शिक्षकांनी हा हिशेब वर्गात जरूर करून दाखवावा. सहा मिलिमीटरच्या भोकाला शंभर अंश उष्णता दिली, तर भोक आणि स्क्रू यांच्या वाढीतला फरक येतो सुमारे 0.0066 मिलिमीटर. केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा हिस्सा! पण गंजाचा सांधा सोडवायला तेवढे पुरते. यासाठी दिवटी पेटवायची गरज नाही, आणि पेट्रोलच्या यंत्राजवळ ती पेटवूही नये. टाकी आणि कार्बोरेटर दूर नेऊन ठेवल्यावर उकळते पाणी घरावर ओतता येते. कार्बोरेटरचाच स्क्रू अडला असेल तर अर्थातच हा उपाय नाही. आत पाणी गेले असेल तर पुसून पूर्ण वाळवा. डिंक लावलेल्या स्क्रूला मात्र अशी ऊब पुरत नाही. पक्क्या प्रकारचा डिंक मऊ व्हायला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. तिथे सोल्डरिंगचे तापलेले टोक स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटे टेकवून लगेच फिरवून पाहावे.

हाताने जमत नसेल तर इम्पॅक्ट ड्रायव्हर नावाचे हत्यार असते. त्यावर हातोडी मारली की ते एकाच वेळी दाबते आणि फिरवते. लहान इंजिनावर ते जपून वापरा. खाली लाकडाचा ठोकळा ठेवून नेमक्या त्या भागाला आधार द्या, नाहीतर स्क्रू सुटेल आणि घर फुटेल.

पाचवी पायरी, डोके पूर्ण गोल झाले तर. हॅक्सॉ ब्लेडने डोक्यावर नवी सरळ खाच पाडा आणि चपटा पेचकस लावा. किंवा कानशीने डोक्याच्या दोन बाजू सपाट करून लॉक होणाऱ्या पकडीने धरा. डोके खोल बसलेले असेल तर मात्र या दोन्ही युक्त्या चालत नाहीत.

तेव्हा सहावी पायरी. आता तो मघाचा हिशेब आठवा. आवळण्यातला निम्मा जोर डोक्याखालच्या घर्षणात असतो. म्हणून डोकेच काढून टाकायचे. बरोबर मध्यावर सेंटर पंचाने खूण करायची, आधी बारीक आणि मग स्क्रूच्या दांड्याएवढ्या जाडीच्या ड्रिलने सावकाश छिद्र पाडायचे. डोके चकतीसारखे सुटून येते. झाकण अलगद निघते. मागे जो दांडा उरतो त्याच्यावर आता कसलाच ताण नाही. तेल सोडून पकडीने धरला की बहुधा तो मुकाट्याने फिरतो. ज्या स्क्रूने तासभर छळले तोच इतका गरीब झालेला पाहून विद्यार्थी चकित होतात. खरे तर त्यात चमत्कार काही नाही. त्याला धरून ठेवणारे निम्मे घर्षण आपण डोक्याबरोबर काढून टाकलेले असते.

दांडा भोकातच, पृष्ठभागाशी तुटला तर मात्र हात थांबवा. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर बाजारात मिळतो, पण तो अतिशय कडक पोलादाचा असतो. तो आत मोडला तर साधे ड्रिल त्याला ओरखडाही काढू शकत नाही, आणि आपण आगीतून फुफाट्यात पडतो. इथे लेथवाल्या मिस्त्रीकडे जावे. तो उलट्या धारेचे ड्रिल वापरील, किंवा वेल्डर त्या तुकड्यावर नट जोडून देईल. भोकातले आटे गेले असतील तर मिस्त्री त्यात तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे, म्हणजे हेलिकॉइल, बसवून देतो. आपले काम कुठे संपते हे ओळखणे हीसुद्धा कारागिरीच आहे.

स्क्रू निघाला म्हणजे काम संपले, असे नाही. जुना स्क्रू पुन्हा लावू नका. नवा घेताना जुना सोबत न्या आणि जाडी, लांबी, आटे तिन्ही जुळवा. इथे आपल्या विहिरींवरच्या जुन्या तेल-इंजिनांचा दाखला देतो. 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि पुण्याजवळ खडकीला डिझेल इंजिने होऊ लागली. त्या काळच्या यंत्रांवर इंची मापाचे आटे पुष्कळ असत. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 साली आट्यांचे प्रमाण सुचवले, त्यात आट्याचा कोन 55 अंशांचा; मेट्रिक आट्याचा 60 अंशांचा. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला. पाव इंची बोल्ट 6.35 मिलिमीटरचा, इंचाला वीस आटे. मेट्रिक बोल्ट सहा मिलिमीटरचा, फेऱ्याला एक मिलिमीटर. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण पाव इंची भोकात मेट्रिक बोल्ट ढिला जातो, दोन फेऱ्यांत अडतो, आणि जोर केला की दोघांचेही आटे जातात. जुन्या यंत्रावर नवा बोल्ट लावताना म्हणूनच खात्री करावी.

नवा स्क्रू बसवताना आट्यांना किंचित ग्रीस लावा. सुरुवात बोटांनी करा. आधी उलटा फिरवा, 'टक्' असे जाणवले की मग सुलटा. म्हणजे आटा आट्यात बरोबर पडतो. झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे असे, दोन-तीन खेपांत आवळा. आणि किती आवळायचे? पाच मिलिमीटरच्या स्क्रूला साधारण पाच न्यूटन-मीटर पुरते. म्हणजे वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला अडीच किलोचे ओझे टांगावे तेवढेच. ग्रीस लावलेल्या आट्यांना त्याहूनही थोडे कमी. तराजूचा काटा घेऊन एकदा हा जोर हाताला ओळखून ठेवा. आपल्याकडे बहुतेक स्क्रू जन्मतःच जास्त आवळलेले असतात, आणि पुढच्या वर्षीचे भांडण तिथेच सुरू होते.

शिक्षक मित्रहो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. 2016 पासून नीती आयोगाच्या योजनेतून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अनेक शाळांत अटल टिंकरिंग लॅब निघाल्या आहेत. काही मुलांना खेळण्यातल्या मोटारीच्या छोट्या इंजिनाचे वेड असते. हे इंजिन अवघे अडीच-साडेतीन सीसीचे, पण पिस्टन, सिलिंडर, कार्बोरेटर सगळे खरे. त्याचे स्क्रू तीन मिलिमीटरच्या आसपासचे. त्याच्या इंधनात वंगण म्हणून पुष्कळदा एरंडेल तेल घालतात. ते जळून राळेसारखा थर धरते आणि स्क्रू चिकटतात. उपाय हेच, फक्त हात अधिक हलका हवा. त्याचे इंधन मिथेनॉलचे, आणि मिथेनॉल पोटात गेले तर विषारी, म्हणून ते मुलांच्या हाती देऊ नये. बंद, धुतलेले इंजिन द्यावे.

ज्या शाळेत अशी प्रयोगशाळा नाही तिनेही थांबू नये. गावातल्या मिस्त्रीकडे भंगारात पडलेले एक फवारणी पंपाचे इंजिन मागून आणा. ते धुऊन, पेट्रोल पूर्ण काढून टेबलावर ठेवा. चार पेचकस, एक ॲलन कीचा जुडगा, तेलाची कुपी, एवढी सामग्री पुरते. मुलांइतकेच मुलींनाही पुढे घ्या. जवळच्या आय.टी.आय.मधल्या शिल्पनिदेशकांना महिन्यातून एकदा बोलवा. घर्षण, प्रसरण, धातूंचा क्षय, उतरणीचे तत्त्व हे धडे पुस्तकात आहेतच. ते सारे एका अडलेल्या स्क्रूत एकत्र भेटतात.

मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर हे एके काळी शिक्षक होते. नंतर त्यांनी सायकली विकल्या, लोखंडी नांगर बनवले, 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली. शिकवणारा माणूस आणि हत्यार धरणारा माणूस हे दोघे वेगळे असलेच पाहिजेत असे नाही, हे त्यांच्या आयुष्यावरून दिसते.

शेतकरी बंधूंनो, तुम्हाला शेवटी एकच विनंती. फवारणीचा हंगाम संपला की पंप धुवा, पेट्रोल काढा, आणि सगळे बाहेरचे स्क्रू एकदा सोडवून, ग्रीसचे बोट लावून पुन्हा बेताने आवळून ठेवा. दिवाळीनंतरच्या एका निवांत दुपारचे हे काम आहे. ते केले तर जुलैतल्या त्या उघडिपीच्या सकाळी तुम्ही पंपाशी झगडत बसणार नाही, वावरात असाल.